हौशी रेडिओ स्पर्धा, लॉग आणि क्यूएसएल कार्ड : इंदूर परिसर

ठरलेल्या तासांत, ठरलेल्या रेडिओ पट्ट्यांवर, जगातल्या जास्तीत जास्त हौशी केंद्रांशी बोलायचे, प्रत्येक बोलणे नोंदवायचे आणि ती नोंद संयोजकांकडे तपासायला पाठवायची, असा हा खेळ. मैदान नाही, पंच समोर नाही आणि प्रेक्षक असलेच तर चहा घेऊन आलेले घरचे लोक. खेळणाऱ्याला हॅम म्हणतात, त्याच्या यंत्रांच्या खोलीला शॅक, एका संपर्काला क्यूएसओ आणि त्या संपर्काच्या लेखी पावतीला क्यूएसएल कार्ड. स्पर्धेतला क्यूएसओ पाच-सात सेकंदांत आटोपतो. त्याचे कार्ड टपालाने यायला कधी दोन-तीन वर्षे लागतात. मधल्या काळात तो संपर्क झाला होता याला आधार फक्त लॉगचा, म्हणजे नोंदवहीचा.

इंदूरकराला या छंदाचा उगम शोधायला लांब जावे लागत नाही. वीस-बावीस किलोमीटरवरच्या महू छावणीत, लष्कराच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये, १५ मे १९४८ रोजी अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. पुढे तिचे मुख्यालय दिल्लीला गेले आणि नाव अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाले. देशातले कार्डांचे टपाल सांभाळणारा क्यूएसएल ब्युरो हीच संस्था चालवते. महूचे नाव निघाले की मराठी माणसाला १४ एप्रिल १८९१ आठवतो, ते योग्यच आहे. पण बिनतारीवाल्यांच्या नकाशावरही हे गाव ठळक आहे, हे इंदुरातल्याही फार थोड्यांना ठाऊक असते.

परवाना

परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातला बिनतारी नियोजन व समन्वय विभाग देतो. परीक्षा द्यावी लागते, किमान वय १२ वर्षे. नियम १९७८ चे, वेळोवेळी दुरुस्त केलेले. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. 'रिस्ट्रिक्टेड'वाल्यांच्या हाकचिन्हाची सुरुवात 'व्हीयू३'ने होते, 'जनरल'वाल्यांची 'व्हीयू२'ने. जनरलसाठी मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची लिपी, यायला हवे, मिनिटाला आठ शब्द या गतीने. हाकचिन्ह म्हणजे कॉलसाइन. हॅम मंडळी एकमेकांना आडनावाने कमी आणि त्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांनी जास्त ओळखतात. धंद्याचे बोलणे, प्रसारण आणि सांकेतिक भाषा या तिन्ही गोष्टींना मनाई आहे.

स्पर्धेचे अठ्ठेचाळीस तास

वर्षभर कुठली ना कुठली स्पर्धा चालूच असते, पण सगळ्यांत गर्दीची ती 'सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स'. बोलण्याची स्पर्धा ऑक्टोबरच्या आणि मोर्सची नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी. घड्याळ यूटीसीचे, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेचे, त्यामुळे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. लहरींच्या लांबीवरून ओळखल्या जाणाऱ्या सहा पट्ट्या वापरता येतात : १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर. ३०, १७ आणि १२ मीटरवर कुठलीच स्पर्धा घ्यायची नाही असा संकेत आहे. ज्यांना शांतपणे गप्पा मारायच्या आहेत त्यांना त्या दोन दिवसांत तेवढाच निवारा.

प्रत्यक्षात काय बोलतात? जवळजवळ काहीच नाही. एकाने आपले हाकचिन्ह टाकायचे, दुसऱ्याने ते उचलून 'फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू' म्हणायचे, पहिल्याने 'फाइव्ह नाइन, फोर्टीन' म्हणायचे, 'थँक यू', पुढचा. पहिले दोन आकडे आवाज कसा येतो त्याचे : स्पष्टता १ ते ५, जोर १ ते ९. मोर्समध्ये सुराचा तिसरा आकडा वाढतो आणि ५९९ होतात. घाईत नऊऐवजी 'एन' वाजवून '५एनएन' करतात. आवाज कितीही खरखरला तरी स्पर्धेत सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइनच देतात. लग्नपत्रिकेवरच्या 'अगत्य येण्याचे करावे' इतकाच त्याला अर्थ. खरी माहिती पुढच्या आकड्यात, म्हणजे विभागक्रमांकात असते. या स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग पाडले आहेत. भारत २२ मध्ये येतो, सोबत नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव. अंदमान-निकोबार मात्र २६ मध्ये.

गुणांचा हिशोब नीट समजून घेतला तर इंदुरात बसण्याचा फायदा कळतो. दुसऱ्या खंडातल्या केंद्राचे ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचा १, स्वदेशाचा शून्य. या बेरजेला 'गुणक'ने गुणायचे. प्रत्येक पट्टीवर मिळालेला नवा विभाग आणि नवा देश हा एकेक गुणक. समजा ५०० संपर्क परखंडातले, ८० आशियातले आणि २० भारतातले झाले, तर गुण १,५८०. विभाग ६० आणि देश १४० झाले असतील तर गुणक २००. एकूण ३,१६,०००. म्हणजे शून्य गुणांचा भारतीय गडीसुद्धा प्रत्येक पट्टीवर एकदा गाठलाच पाहिजे, कारण तो गुणक देतो. नवशिके इथेच चुकतात. दुसरी गंमत अशी की २२ व्या विभागातून बोलणारे लोक थोडे, आणि युरोप-अमेरिकेतल्या प्रत्येकाला तो गुणक हवा असतो. चांगली पट्टी उघडलेली असताना गच्चीवरच्या साध्या तारेवर 'सीक्यू कॉन्टेस्ट' अशी हाक दिली, तरी इटली, युक्रेन, जर्मनी एकाच वेळी अंगावर येतात. याला पाइल-अप म्हणतात. राजवाड्यासमोर गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी एकच ओळखीचा आवाज वेगळा काढायचा, तसे ते काम. सगळे नाव ऐकू येत नाही. 'कीलो'ने, म्हणजे 'के' या अक्षराने, संपणारे काहीतरी एवढेच कळते. मग 'समथिंग कीलो, अगेन' म्हणायचे आणि बाकीचे गप्प बसतील अशी आशा करायची. ते बसत नाहीत.

कुठली पट्टी केव्हा उघडेल हे आयनांबर, म्हणजे रेडिओलहरी परत जमिनीकडे वळवणारा वातावरणाचा वरचा भाग, ठरवते. दिवसा आयनांबराचा खालचा थर लांब लहरी गिळून टाकतो, म्हणून ८० आणि १६० मीटर हे रात्रीचे खाते. १० आणि १५ मीटर उजेडात चालतात, आणि १० मीटर तर सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात डाग भरात असतील तेव्हाच मनसोक्त. पहाटे स्पर्धा सुरू होते तेव्हा इंदुरात सूर्योदयाला तासभर असतो. तेवढ्यात ४० मीटरवर युरोप उरकून घ्यायचा, ऊन वर आले की उंच पट्ट्यांवर जपान, ऑस्ट्रेलिया आणि दुपारनंतर पुन्हा पश्चिम. अमेरिकेसाठी अँटेना पश्चिमेला वळवावी असे वाटते, पण पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. सूर्य खवळलेला असला की तीच वाट आधी बंद होते.

साहित्याचे अवडंबर मात्र नाही. २० मीटरचा डायपोल म्हणजे सुमारे दहा मीटर तार, मधोमध तोडून केबल जोडलेली. ४० मीटरला त्याच्या दुप्पट. महाराणी रोडवर तार मिळते, सियागंजात दोरी आणि नळ. खरी अडचण गच्चीची. शेजाऱ्यांना पटवावे लागते की या तारेने त्यांचा टीव्ही बिघडणार नाही, आणि संक्रांतीला तारेत अडकलेले पतंग आपल्यालाच सोडवावे लागतात.

सणांचा आणि स्पर्धांचा मेळ हा खास आपल्याकडचा वैताग. २०१६ मध्ये लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २७ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा तो स्पर्धेचाच रविवार. फटाक्यांचे एक वेळ चालते, ते कानाला त्रास देतात, रेडिओला नाही. छळतात त्या एलईडीच्या माळा. त्यांच्या स्वस्त वीजपुरवठ्यातून इतका खरखराट निघतो की पट्टी रिकामी असतानाही मीटरचा काटा सातावर बसून राहतो. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला आली आणि 'डब्ल्यूपीएक्स' ही मार्चअखेरची स्पर्धा त्याच दिवशी. त्या स्पर्धेत विभागाऐवजी अनुक्रमांक द्यायचा असतो आणि हाकचिन्हाचा पूर्वभाग गुणक ठरतो.

लॉग

लॉग म्हणजे हॅमची रोजकीर्द. दिनांक, वेळ, पट्टी, पद्धत, समोरच्याचे हाकचिन्ह, दिलेला आकडा, घेतलेला आकडा. भारतात लॉग ठेवणे परवान्याच्या नियमांतच आहे, त्यामुळे तो ठेवायचा की नाही ही निवड हौशी माणसाकडे नाहीच. पूर्वी आडव्या आखलेल्या वहीत पेनने लिहीत. सोबत एक वेगळा तक्ता असे, एकाच केंद्राशी त्याच पट्टीवर दुसऱ्यांदा बोलणे, म्हणजे 'डुप', टाळण्यासाठी. १९८० च्या दशकात हे काम संगणकावर गेले. आता एन१एमएमसारखी मोफत प्रणाली टाइप करता करताच डुप सांगते, गुणक लाल करून दाखवते आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी आपणहून भरते.

स्पर्धेनंतर थोड्याच दिवसांत लॉग 'कॅब्रिलो' नावाच्या साध्या मजकुरी नमुन्यात पाठवायचा. वर्ल्डवाइडला मुदत पाच दिवसांची. मग संयोजकांचा संगणक सगळ्यांचे लॉग समोरासमोर लावतो. तुम्ही लिहिलेल्या माणसाच्या लॉगमध्ये तुम्ही नाही, तर संपर्क गेला. हाकचिन्हातले एक अक्षर चुकले, तरी गेला, आणि वर दंड. म्हणजे घाईत चुकीचे लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे. पंच नसलेला हा खेळ प्रामाणिक राहतो तो यामुळे : प्रत्येक नोंदीचा साक्षीदार दुसऱ्या देशात बसलेला असतो.

सर्वांत जास्त चुका वेळेच्या होतात. लॉग यूटीसीत, घर साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्या कॅलेंडरची तारीख बदललेली असते, लॉगची नाही. प्रस्तुत लेखकाने सुरुवातीला एका रात्रीतल्या अकरा संपर्कांची कार्डे भारतीय तारीख घालून पाठवली. त्यांतली चार 'तुम्ही आमच्या लॉगमध्ये नाही' असा शेरा घेऊन परत आली. तेव्हापासून शॅकमध्ये दोन घड्याळे आहेत आणि यूटीसीच्या घड्याळावर तांबड्या शाईची पट्टी. उज्जैन इंदुरापासून पन्नासेक किलोमीटर. भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेखा तिथून जात असे, आणि तिच्या सावलीत बसून आपण ग्रिनिचची वेळ लिहायची, ही टोचणी जुन्या वळणाच्या माणसाला लागतेच.

कार्ड

क्यूएसएल हा मोर्सच्या जमान्यातला संक्षेप. प्रश्नार्थक वापरला तर 'पोच देता का?' आणि साधा वापरला तर 'पोच देतो'. कार्ड साडेपाच बाय साडेतीन इंचांचे, साध्या पोस्टकार्डाएवढे. दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत हाकचिन्ह आणि एखादे चित्र : राजवाडा, मांडूचे जहाज महाल, नाहीतर थेट मालकाचा अँटेनाशेजारचा फोटो. मागे एक ओळीचा तक्ता, त्यात संपर्काचा तपशील. खाली 'पीएसई' किंवा 'टीएनएक्स' यांवर खूण. पहिल्याचा अर्थ 'तुमचे पाठवा', दुसऱ्याचा 'तुमचे मिळाले'. शेवटी ७३, म्हणजे स.न.वि.वि. आणि कळावे हे दोन्ही एकाच आकड्यात. तक्त्यात खाडाखोड चालत नाही. एक आकडा गिरवला तरी कार्ड पुरस्कारासाठी बाद, नवे लिहायचे.

पाठवण्याचे मार्ग दोन. थेट पाठवायचे तर सोबत स्वतःचा पत्ता घातलेले पाकीट आणि परतीच्या टपालाचा खर्च जोडतात. स्वस्त मार्ग ब्युरोचा : सगळ्या देशांची कार्डे एका गठ्ठ्यात संस्थेकडे जातात, तिथून देशोदेशीच्या ब्युरोंकडे, तिथून घरी. म्हणूनच वर्षे लागतात. पावसाळ्यात गठ्ठा आला तर गुळगुळीत कार्डे एकमेकांना चिकटलेली असतात आणि ती सोडवताना एखाद्या जपानी कार्डावरचे चेरीचे झाड पोलिश कार्डाच्या पाठीवर उमटते.

कार्डे जमवायची कशाला, तर पुरस्कारांसाठी. सर्वांत मानाचा डीएक्ससीसी : १०० वेगवेगळ्या प्रदेशांची पुष्टी हवी. या यादीत सध्या ३४० प्रदेश आहेत आणि भारताचेच तीन धरतात : मुख्य भूमी, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप. २००४ च्या डिसेंबरात अंदमानातून बोलण्यासाठी एक भारतीय चमू पोर्ट ब्लेअरला गेलेला असतानाच त्सुनामी आली. जगभरचे हॅम त्या दुर्मीळ प्रदेशाच्या कार्डासाठी जी फ्रिक्वेन्सी ऐकत होते, तिच्यावरूनच बेपत्ता माणसांचे निरोप जाऊ लागले.

२००३ पासून अमेरिकन संघटनेची 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' ही व्यवस्था आहे. दोघांनी आपापले लॉग तिथे चढवायचे. हाकचिन्ह, पट्टी, पद्धत जुळली आणि वेळेत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नसला, की पुष्टी झाली. कागद नाही, तिकीट नाही. ईक्यूएसएल ही दुसरी सेवा चित्रासह कार्ड देते, पण डीएक्ससीसीला ते चालत नाही. स्पर्धकांनी हे पटकन उचलले, कारण हजारभर संपर्कांची हजार कार्डे कोण लिहिणार? तरी कागदी कार्ड टिकून आहे, आणि माझ्या मते ते टिकायला हवे. संगणकातली टिकमार्क कोणी पाहुण्यांना दाखवत नाही.

अधूनमधून असे कार्ड येते ज्याची नोंद आपल्या लॉगमध्ये सापडत नाही. तेव्हा आधी अलीकडची-पलीकडची दहा मिनिटे पाहायची, मग शेजारची पट्टी, मग आपणच एखादे अक्षर चुकीचे घेतले का ते, आणि शेवटी ती साडेपाच तासांची तारीख. तरीही नाही सापडले, तर कार्ड कितीही देखणे असो, त्यावर 'लॉगमध्ये नाही' असे लिहून परत पाठवायचे. माझ्याकडे असे एक कार्ड तीन महिने टेबलावर पडून होते. आइसलँडचे, मागे हिमनदी. नंतर ते ब्युरोच्या गठ्ठ्यात घातले.