याचिका टाकली की निवडणूक रद्द?

दर निकालानंतर हा समज फिरतो: कोर्टात जा, निवडणूक रद्द करून आणा. इतकं सोपं नाही. लोकसभा-विधानसभेच्या निकालाला राज्यघटनेच्या कलम ३२९ नुसार फक्त निवडणूक याचिकेनेच आव्हान देता येतं. तेही उच्च न्यायालयात, ४५ दिवसांत. उशीर माफ होत नाही. याचिकाकर्ता तिथला उमेदवार किंवा मतदारच हवा. २,००० रुपयांची अनामत किरकोळ (न भरल्यास मात्र याचिका फेटाळली जाते!), खरी गोची तपशिलांची. ‘गडबड झाली’ एवढ्याने भागत नाही. कोणी, कुठे, केव्हा, काय केलं ते मांडावं लागतं. लाचेसारख्या गैरप्रकाराचा आरोप असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र. मतमोजणीत नुसता नियमभंग सिद्ध करूनही पुरत नाही, त्यामुळे निकालच फिरला हे दाखवावं लागतं.