यकृतासाठीच्या वनौषधी: घेण्यापूर्वी हे वाचावे

पावसाळा लागला आणि शहरात काविळीची साथ सुरू झाली, की इतवारीतील आमच्या दुकानात भुईआवळा, काळमेघ, कुटकी व गुळवेल यांच्या चूर्णांची मागणी वाढते. या वनस्पतींचा नेमका उपयोग किती, याची माहिती ग्राहकांना असावी, म्हणून हे पत्रक काढले आहे.

कुटकीतील पिक्रोसाइड, काळमेघातील अँड्रोग्राफोलाइड, भुईआवळ्यातील फिलँथिन आणि हळदीतील कर्क्युमिन या घटकांवर पुष्कळ संशोधन झाले आहे. प्रयोगशाळेत उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉल मोठ्या मात्रेत दिले, की यकृताच्या पेशी फुटतात आणि त्यांतील एसजीओटी व एसजीपीटी ही विकरे रक्तात उतरतात. वरील घटक दिलेल्या उंदरांत ही वाढ कमी आढळते, कारण ते पेशींना जाळणारे क्रियाशील रेणू निष्प्रभ करतात आणि पेशींचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोन या द्रव्याचा साठा टिकवतात. परंतु अशा बऱ्याच प्रयोगांत औषध इजेच्या आधीच दिलेले असते, आणि आमच्याकडे माणूस येतो तो डोळे पिवळे झाल्यावर.

भुईआवळ्याबाबत १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की औषध घेतलेल्या हिपॅटायटिस बीच्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठीय प्रतिजन (संसर्ग असल्याची खूण मानले जाणारे विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन) नाहीसा झाला. पुढच्या चाचण्यांत तसे यश आले नाही. म्हणून आमच्या पुडीवर 'कावीळ हमखास बरी' असे छापलेले नाही. शेजारी काय छापतात, तो त्यांचा प्रश्न.

वनस्पती आहे म्हणून अपाय होणारच नाही, असे समजू नये. भाजीतल्या वायगावच्या हळदीची चिंता नको, पण मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेतल्यावर काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीच्या काड्या घेताना त्या पारखून घ्याव्यात: खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ असून नखाने सहज सुटते, आणि आतला भाग हिरवा दिसतो. खोडावर ठळक गाठी असल्यास ती तिच्याच कुळातील दुसरी वेल असू शकते. ती घेऊ नये.

गर्भवतींनी, तसेच क्षयाची, मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही चूर्ण सुरू करू नये. लघवी गडद होणे, सतत उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसल्यास चूर्ण थांबवून रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे आणि पुडी सोबत ठेवावी.