मोरे ईल: घशात दुसरा जबडा असलेला मासा घरी पाळताना

मोरे ईल हा सापासारखा लांब समुद्री मासा पहिल्यांदा पाहणारा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो. खडकाच्या भोकातून नुसतं डोकं बाहेर आलेलं, तोंड सारखं उघडतंय नि मिटतंय. वाटतं, हा आता चावणार. खरं तर तो श्वास घेत असतो. बहुतेक माशांचे कल्ले रुंद झाकणाखाली असतात आणि त्या झाकणाच्या उघडझापीनं पाणी खेळतं राहतं. मोरेला मात्र डोक्यामागे दोन्ही बाजूंना एकेक बारकं गोल भोक तेवढं असतं. कल्ल्यांवरून पाणी ढकलायला त्याला तोंडाचाच पंप चालवावा लागतो.

घरच्या टाकीसाठी माझं मत एकाच जातीला आहे: स्नोफ्लेक मोरे, म्हणजे एकिड्ना नेब्युलोसा. पांढुरक्या अंगावर काळे डाग, त्यांत पिवळे ठिपके आणि नाकाच्या पिवळ्याधमक नळ्या. तो साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर वाढतो. त्याचा भाऊबंद जायंट मोरे ३ मीटरपर्यंत जातो, त्याचा विचारही नको. स्नोफ्लेकचे दात बोथट असतात, कारण त्याचं मुख्य खाणं खेकडे आणि कोळंबी. त्यामुळे टाकीतले मोठे मासे बहुधा वाचतात, पण शोभेची कोळंबी सोडलीत तर ती गेलीच म्हणून समजा.

या माशाची खरी नवलाई घशात आहे. बहुतेक मासे तोंड झटकन उघडून पाण्यासोबत भक्ष्य आत ओढून घेतात. मोरेला हे ओढणं फारसं जमत नाही. मग गिळायचं कसं? २००७ साली रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याचं उत्तर दिलं. पुढच्या जबड्यानं भक्ष्य पकडलं, की घशातला दुसरा दातेरी जबडा तोंडापर्यंत पुढे धावतो, घास पकडतो आणि आत खेचून नेतो. घास ओढायला पाणी लागत नाही, म्हणजे हा मासा पाण्याबाहेरही गिळू शकत असेल का? मेहतांच्या प्रयोगशाळेत स्नोफ्लेक मोरेंना उतरत्या फळीवर चढून खायला शिकवलं गेलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे मासे पाण्याबाहेरच घास गिळताना दिसले.

टाकीचं झाकण का महत्त्वाचं, ते इथे कळतं. अंगावर खवले नाहीत, नुसती बुळबुळीत त्वचा. छातीचे पर नाहीत, अडकायला काहीच नाही. पाइपसाठी ठेवलेल्या फटीतून तो रात्री सहज निसटतो आणि सकाळी टाकीमागे वाळलेला सापडतो. झाकणावर वजन ठेवा, प्रत्येक फट जाळीनं बुजवा. खवले नसल्यामुळे तांबं असलेली औषधंही त्याला सोसत नाहीत.

टाकी निदान ३०० लिटरची हवी. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे सुरुवातीलाच दहा किलोच्या वर आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर किलोभर. हे खास मत्स्यालयाचं मीठ, स्वयंपाकघरातलं नव्हे. पाण्याचंच वजन ३०० किलो. काच आणि खडक वेगळे. मासा आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवावी लागते, कारण विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात खडकांवर वसतात. पाणी २४ ते २७ अंशांवर राहायला हवं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, ते कठीणच.

खायला घालणं हा सगळ्यांत सुंदर भाग. फ्रीझरमधली कोळंबी साध्या पाण्यात मऊ करून लांब चिमट्यात धरा. नजर अधू असल्यानं तो आधी वासानं जागा होतो. डोकं डोलवत, पाणी हुंगत पुढे सरकतो, एकदा चुकतो आणि मग घास पकडतो. म्हणूनच बोटांनी भरवू नका. कोळंबीचा वास लागलेलं बोट त्याला कोळंबीच वाटतं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. नुसती कोळंबी नको, अधूनमधून माकुल आणि खेकडाही द्या.

मोरेची पिल्लं पानासारखी चपटी, पारदर्शक असतात आणि कित्येक महिने समुद्रात वाहत राहतात. घरी त्यांची पैदास होत नाही. दुकानातला मोरे प्रवाळातूनच पकडून आणलेला असतो. निळा-पिवळा रिबन ईल पाहून मोह होतो, पण तो टाकीत बहुधा अन्नाला तोंडच लावत नाही आणि बरेचदा उपाशी मरतो. तो घेऊच नका. स्नोफ्लेक घेतानाही दुकानदाराला आधी तुमच्यासमोर कोळंबी घालायला सांगा. खाल्ली, तरच पिशवी बांधायला सांगा.