कॅम्परची बॅटरी रानात का बसते? त्यामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला गाडी घेऊन गेलं आणि दोन रात्री तिथंच मुक्काम टाकला की तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी एकच गोष्ट बघावीशी वाटते, बॅटरीत किती राहिलंय. फ्रीज रात्रभर चालू, पंखा चालू, दोन-तीन मोबाईल लावलेले, आणि प्लग मारायला जवळपास काहीच नाही. आपल्याकडं टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर मोठी व्हॅन घेऊन आत बेड, ओटा, फ्रीज करून घेणारे, म्हणजे कॅम्परवाले, आता वाढायला लागलेत, 2021 ला राज्य सरकारनं कॅरावॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, आणि सोलापुरातले ओळखीचे लोक मला विचारत असतात की कुठली बॅटरी घेऊ. मी म्हणतो घ्या कुठलीही, पण आधी बॅटरी सांभाळायचे नियम आले कुठनं ते समजून घ्या, नाहीतर दर दोन वर्षांनी नवीन घेत बसाल.

सुरुवात 1859 ची. फ्रान्सच्या गॅस्टन प्लाँतेनं शिशाचे दोन पत्रे मध्ये पट्ट्या घालून गुंडाळले, गंधकाच्या ऍसिडमध्ये बुडवले, आणि पहिल्यांदाच परत परत चार्ज होणारी बॅटरी तयार झाली. पुढं 1881 ला कामी फोरनं पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साईडचा लेप चढवला त्यामुळं तेवढ्याच आकारात जास्त वीज मावायला लागली. आज इन्व्हर्टरखाली जी काळी पेटी असते तिच्या पोटात मूळ केमिस्ट्री तीच आहे. आणि तिचा रोगही तोच. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केली की ते परत विरघळतं, पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की त्या सल्फेटचे बारीक कण मोठे होऊन कडक बसतात आणि मग कितीही करंट द्या ते सुटत नाहीत. म्हणजे शिशाची बॅटरी वापरून जेवढी मरत नाही तेवढी अर्धवट भरलेली ठेवून मरते, आणि पुढचा सगळा इतिहास म्हणजे तिला पूर्ण भरायची धडपड आहे असं मला तरी वाटतं.

1912 ला कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला आणि बॅटरी गाडीत कायमची बसली. पण स्टार्टरचं काम वेगळं. दोन-चार सेकंद भरमसाठ करंट द्यायचा, की लगेच डायनामो तिला भरून काढणार. त्यासाठी पातळ आणि भरपूर प्लेटा लागतात. त्याच काळात विजेवरच्या ट्रकना तासन्‌तास हळूहळू वीज देणारी बॅटरी हवी होती, त्यातनं जाड प्लेटा आणि ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांच्या प्लेटांचा, प्रकार वाढला. ही दोन घराणी तेव्हाच वेगळी झाली, तरी आजही लोक गाडीची स्टार्टिंग बॅटरी फ्रीजला जोडतात आणि सहा महिन्यांत गेली म्हणून दुकानदाराशी भांडतात. 1916 ला केटरिंगच्याच कंपनीनं डेल्को-लाइट काढलं, म्हणजे छोटं इंजिन, काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या, 32 व्होल्ट, आणि तारा न पोचलेल्या अमेरिकन शेतावर रात्रभर दिवे. आज ज्याला आपण ऑफ-ग्रिड म्हणतो ते हेच.

आपल्याकडं ही विद्या कॅम्परच्या कितीतरी आधी घराघरात आली होती. 1987-88 च्या आसपास रविवारी सकाळी टीव्ही बघायला गावात ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे, उतरली की सायकलच्या कॅरियरला बांधून चार्जिंगच्या दुकानात नेऊन टाकायचे. मग 2005 नंतरचं लोडशेडिंग आलं, पॉवरलूम तासन्‌तास बंद, पोरं अंधारात अभ्यासाला बसलेली, आणि जिन्याखाली ट्युब्युलर बॅटरी आली. आमची आई दर अमावास्येला बॅटरीतलं पाणी बघायची, म्हणजे विसरायला होत नाही, आणि डिस्टिल वॉटरच घालायची, नळाचं कधीच नाही. ग्रॅव्हिटी, म्हणजे ऍसिडचा दाटपणा, बघणारा माणूस काचेची नळी आत घालून 1265 आलं की मान हलवायचा. आमची ती बॅटरी सात वर्षं चालली, आणि देखभालीचं सगळं मी तिथंच शिकलो.

तिकडं परदेशात मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, सुरुवातीला एकच बॅटरी असायची, रात्री दिवे लावले की सकाळी गाडी स्टार्ट नाही. मग आतल्या दिव्या-फ्रीजसाठी वेगळी दुसरी बॅटरी आणि मध्ये दोघींना वेगळं ठेवणारा आयसोलेटर, म्हणजे एक उतरली तरी दुसरी शाबूत. 1960 च्या दशकात गाड्यांमध्ये डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, तो इंजिन हळू फिरत असतानाही चार्ज करतो, म्हणून लोकांना वाटलं प्रश्न मिटला. तो काही मिटला नाही. शिशाची बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत पटपट भरते, शेवटचे 20 टक्के मात्र 12 व्होल्टच्या बॅटरीला साधारण 14.4 व्होल्ट धरून काही तास द्यावे लागतात, आणि सोलापूर ते नळदुर्ग तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये ते कसं होणार, त्यात मागच्या बॅटरीपर्यंत बारीक वायर ओढलेली असली की थोडं व्होल्टेज वाटेतच पडतं. बॅटरीला तीन-चार तास काहीच न जोडता ठेवून मीटर लावा. 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, त्याखाली रोज जात असाल तर ती फार दिवस टिकत नाही.

हे शेवटचे 20 टक्के खऱ्या अर्थानं सोलरनं सोडवले. बेल लॅबनं 1954 ला सिलिकॉनचा सोलर सेल दाखवला, तेव्हा तो उन्हातली 6 टक्केच वीज काढायचा आणि परवडायचा फक्त उपग्रहांना. 1970 च्या दशकात किंमत खाली आली ती समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या धोक्याच्या दिव्यांसाठी, तिथंही बॅटरी बदलायला माणूस पाठवणं महाग पडायचं. तिथनं पॅनल टपावर आलं. गाडी उभी असताना दिवसभर निवांत भरत राहणं, शिशाला नेमकं हेच हवं असतं. पॅनल 18 व्होल्टच्या आसपास देतं, पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो, त्यातला साधा पीडब्ल्यूएम प्रकार ते बॅटरीच्या व्होल्टेजला खाली ओढून वरचं वाया घालवतो, महागडा एमपीपीटी त्याचं रूपांतर करून जास्त करंट देतो. पण सोलापूरचं ऊन कडक म्हणून वीज जास्त असं समजू नका, पॅनल तापलं की दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के कमी देतं, आणि मे महिन्यात टपावर पॅनल सहज 65 डिग्रीला जातं. पॅनल आणि पत्र्यामध्ये चार बोटं हवा खेळती ठेवा.

उष्णता आपल्याकडं सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि युरोपातली माहिती वाचून नेमकी तीच सुटते. 1957 ला जर्मनीत ऍसिड घट्ट केलेली जेल बॅटरी आली, 1970 च्या दशकात काचेच्या धाग्यांच्या चटईत ऍसिड शोषून धरणारी एजीएम आली, दोन्ही बंद, पाणी घालायची कटकट गेली, पण आतलं पाणी उडालं तर परत घालायची सोयही गेली. तापमान दर 10 डिग्रीनं वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं. माझी पहिली एजीएम मी सीटखाली बंद खोक्यात ठेवली होती, चार्जरला तापमानाचा सेन्सर नव्हता, बाहेर 43 डिग्री, आणि एका उन्हाळ्यात पोटं फुगून ती संपली. फार वाईट वाटलं होतं. गरम दिवसात चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमी करावं लागतं हे मला तेव्हा कळलं.

मग लिथियम. 1997 ला टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ आणि अक्षय पाढी यांच्या टीमनं लिथियम आयर्न फॉस्फेट ही बॅटरीची नवी केमिस्ट्री मांडली, आज कॅम्परमध्ये बसते ती हीच, चार सेल मिळून 12.8 व्होल्ट. गुडइनफना 2019 ला वयाच्या 97 व्या वर्षी नोबेल मिळालं. आणि इथं दीडशे वर्षांचा नियम उलटा होतो. हिला अर्धवट भरलेलं चालतं, उलट पूर्ण भरून उन्हात महिनाभर ठेवलं तर तीच बॅटरी लवकर म्हातारी होते. युरोपवाले तापमान शून्य डिग्रीखाली असताना चार्ज करू नका म्हणून बजावतात, सोलापुरात त्याची गरज नाही, आपल्याला गाडी उभी करताना ती निम्म्यावर ठेवायची सवय लागायला हवी. व्होल्टेज बघून हिचा अंदाजही येत नाही, जवळजवळ शेवटपर्यंत ती 13 च्या आसपासच दाखवते, त्यामुळं करंट मोजणारा शंट मीटर लागतोच. आणि अल्टरनेटरला थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो, मध्ये करंट आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर घालावाच लागतो. आईची अमावास्येची सवय मी सोडलेली नाही, फक्त आता पाण्याऐवजी टर्मिनलचे नट, वायरची गरमी आणि शंटचा आकडा बघतो, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सोलरचा स्विच बंद करूनच उतरतो.