गृहकर्ज झटपट, यंत्रासाठीच्या कर्जाला मात्र हेलपाटे

एकाच्या ठेवी घेऊन बँक त्याच दुसऱ्याला कर्जाऊ देते, हा समज फार पक्का बसला आहे. प्रत्यक्षात कर्ज देताना बँक कर्जदाराच्या खात्यात तेवढी रक्कम जमा करते. ताळेबंदात एका बाजूला कर्ज वाढतं, दुसऱ्या बाजूला नवी ठेव. पैसा तिथेच जन्मतो. बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये आपल्या त्रैमासिकात हे स्पष्ट मांडलं होतं.

म्हणूनच हा नवा पैसा जातो कुठे, हा कळीचा प्रश्न आहे. त्यातून यंत्र आलं तर उत्पादन वाढतं आणि विक्रीतून हप्ते फिटतात. आधीच उभी असलेली इमारत विकत घेतली गेली तर इमारत तेवढीच राहते, भाव चढतो. आणि चढलेल्या भावाच्या तारणावर पुढचं कर्ज आणखी मोठं मिळतं.

तरी बँकांना दुसरी वाट सोयीची का वाटते? याचं उत्तर भांडवलाच्या हिशोबात आहे. भांडवल म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. तोटा आधी ज्यांनी सोसायचा, त्या भागधारकांचा तो मुख्यतः पैसा. बाझल नियम म्हणजे बँकांसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष. त्यांनुसार जोखीम-भारित मालमत्तेच्या, म्हणजे जोखमीप्रमाणे कमी-जास्त मोजलेल्या कर्जांच्या, किमान 8 टक्के भांडवल हवं. 2004 च्या बाझल-2 मधल्या प्रमाणित पद्धतीत पतमानांकन नसलेल्या कंपनीच्या कर्जाला जोखीम-भार होता 100 टक्के, गृहकर्जाला 35. म्हणजे त्या हिशोबात कंपनीला दिलेल्या 100 मागे 8 भांडवल अडकायचं, गृहकर्जामागे फक्त 2.8. त्याच 8 भांडवलावर सुमारे 286 चं गृहकर्ज देता यायचं! व्याजदर कमी असूनही भांडवलावरचा परतावा जास्त पडतो. शिवाय घराचं मूल्यांकन सोपं; कारखान्याची उधारी, साठा, मागणी समजून घ्यायला जाणता अधिकारी लागतो. मिनिटांत कर्ज मंजूर करणाऱ्या ॲपचा गाजावाजा खूप होतो, पण नव्या उत्पादनाला गिऱ्हाईक मिळेल का, हे जुन्या व्यवहारांच्या नोंदीत सापडत नाही.

एकेकटं गृहकर्ज सुरक्षित असतं, हे खरं. सगळ्या बँका एकदम तिकडे वळल्या की मात्र सगळ्यांचं तारण एकाच वेळी घसरू शकतं. यासाठीच बाझल-3 ने जोखीम-भार बाजूला ठेवून एकूण व्याप्तीच्या, म्हणजे जोखमीप्रमाणे कमी न करता धरलेल्या कर्जं वगैरेंच्या पूर्ण रकमेच्या, 3 टक्के भांडवलाची वेगळी अट घातली. माझ्या मते ती फार तोकडी आहे.

कारण तोट्याचं गणित निर्दय असतं. सगळ्या कर्जांचा भार 100 टक्के धरू. 100 च्या कर्जांमागे 8 भांडवल असताना 2 बुडाले, तर भांडवल उरतं 6 आणि त्यावर कर्ज पेलतं 75 चं. उरलेली 98 ची कर्जं 75 वर आणायची, तर धडधाकट उद्योगांचंही खेळतं भांडवल तुटतं. ते टाळायला कमकुवत बँक बुडीत कर्जाची तरतूदच करत नाही. जुनं व्याज भरायला त्याच कर्जदाराला नवं कर्ज देते. 1990 च्या दशकात जपानमध्ये मरणासन्न कंपन्या अशाच तगवल्या गेल्या आणि निरोगी स्पर्धकांची वाढ खुंटली. भांडवल 12 असतं, तर तेच 2 बुडीत खाती टाकूनही 10 उरले असते, 98 च्या कर्जांना पुरून उरतील इतके.