परोक्ष धूम्रपान, कामाच्या ठिकाणचे

दुसऱ्याने ओढलेल्या बिडी-सिगारेटचा धूर कामाच्या जागी श्वासावाटे शरीरात जाणे. या धुराचे दोन घटक : ओढणाऱ्याने सोडलेला धूर आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून निघणारा पार्श्वधूर. सिगारेटच्या बाबतीत खोलीतला बहुतांश धूर दुसऱ्या प्रकारचा असतो. अपुऱ्या ज्वलनातून निघत असल्याने त्यात कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया व काही नायट्रोसॅमिने (कर्करोगाशी निगडित रसायने) अधिक आढळतात. बिडीचे गणित वेगळे. टेंभुर्णीच्या (तेंदूच्या) पानातून हवा फारशी आत जात नाही, त्यामुळे पुढचा झुरका घ्यायला उशीर झाला की बिडी विझते आणि पार्श्वधूर थांबतो. म्हणून सिगारेटचे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तेवढ्यावरून बिडी शेजाऱ्याला सौम्य ठरवणे मात्र घाईचे होईल. ती पेटती ठेवायला झुरके भराभर घ्यावे लागतात, म्हणजे ओढणाऱ्याने सोडलेला धूर वाढतो.

कर्करोगाशी असलेल्या संबंधाचा वाद घरापासून सुरू झाला. जपानमधील ९१,५४० धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांची पाहणी संशोधक हिरायामा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. नवरा जितका ओढणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. त्याच वर्षी गारफिंकेल यांच्या अमेरिकन पाहणीत ठळक संबंध दिसला नव्हता. पुढील पुरावा हिरायामांच्या बाजूने झुकला, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या धुराला निश्चित कर्ककारकांच्या गटात घातले. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सरकारच्या प्रमुख आरोग्य-अधिकाऱ्याच्या) २००६ च्या अहवालानुसार घरी वा कामावर हा धूर घेणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्यांत हृद्रोहिणीविकाराचा (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा) धोका सुमारे २५ ते ३० टक्के, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा २० ते ३० टक्के वाढतो. दम्याच्या रोग्याला त्रास लगेच जाणवतो.

ग्रामीण विदर्भात तंबाखू मुख्यतः खर्रा वा घोटा म्हणून तोंडात जाते. धूर होतो तो बिडीचा. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या गिरणीत) बिडी-माचिस फाटकावरच काढून ठेवायला लावतात, पण ती रुईच्या गंजीला आग लागू नये म्हणून; फुप्फुसांचा विचार त्यात नसतो. रुईची धूळ श्वासनलिकेला आधीच सोसावी लागत असल्याने धुराची भर तिथे न पडणे हा आनुषंगिक लाभच. खरा धूर साचतो तो राइस मिलच्या मुनीमखोलीत, पावसाळी दिवसांत दार लोटून घेतलेल्या ग्रामपंचायतीत, चहाच्या हॉटेलात.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी घातली, परंतु मूळ व्याख्येतून मोकळी जागा वगळली; कामाची ठिकाणे २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी स्पष्टपणे आत आणली. कापूसवेचणी वा तेंदूपत्ता तोडणी अर्थातच उघड्यावरची, म्हणून या बंदीबाहेरची. दंड २०० रुपयांपर्यंत. प्रवेशाशी किमान ६० × ३० सेंमी. फलक लावणे व आत राखदाणी न ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा कार्यालयप्रमुखाची आहे.