रममधली साखर: भट्टीनंतरची गोष्ट

रम मळीची, म्हणून गोड, असा समज आपल्याकडे पक्का आहे. साखर कारखान्याच्या शेजारी वाढलेल्यांच्या तर नाकातच तो आंबूस-गोड वास बसलेला असतो. पण मळीतली साखर यीस्ट खातं आणि तिचाच अल्कोहोल होतो. उरलीसुरली भट्टीच्या तळाशी राहते, कारण साखरेची वाफ होत नाही. नळीतून पडणाऱ्या थेंबात साखर शून्य. पुढे ओकच्या पिंपातून उतरते ती अगदी किरकोळ, आणि रंगासाठीच्या कॅरमेलचा गोडवा नावापुरता. म्हणजे घोट खरोखर गोड लागला, तर ती साखर कुणीतरी नंतर घातलेली. (व्हॅनिलाचा वास जिभेला फसवतो, तो भाग वेगळा.)

घालायची गरजही होती. 17व्या शतकात बार्बाडोसच्या ऊसमळ्यांवर निघणारी रम इतकी जहाल, की तिला 'किल-डेव्हिल' म्हणत. लिंबू-साखर घालून तिचं पंच करायचे. फ्रान्समधल्या कोन्याक-ब्रँडीवाल्यांनीही साखरेच्या पाकाने दारूची धार मारायची रीत चालवली.

ही साखर ज्याने पकडता येते ते साधन मात्र करवसुलीचं. दारू किती कडक त्यावर ब्रिटिश सरकार कर घेई, आणि 1816 मध्ये कायद्याने साइक्स नावाच्या अबकारी अधिकाऱ्याचा हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) अधिकृत झाला. पितळी गोळा, वर खुणांची कांडी. अल्कोहोल पाण्याहून हलका, म्हणून दारू जितकी कडक तितका गोळा खोल जातो. साखर मिसळली की द्रव जड होतो, कांडी वर राहते आणि दारू आहे त्याहून सौम्य भासते: लिटरला साधारण 4 ग्रॅम साखरेमागे एक टक्का. लेबलवर 40 आणि कांडीवर 35 दिसलं, तर लिटरमागे 20 ग्रॅमच्या आसपास साखर धरावी. 700 मिलीच्या बाटलीत ते तीनेक चमचे होतात.

आपल्या रमच्या बाटलीवरचा 42.8 हा विचित्र आकडाही साइक्सचाच. त्याच्या मापात 100 प्रूफ (प्रूफ हे दारूच्या कडकपणाचं एकक) म्हणजे सुमारे 57.1 टक्के अल्कोहोल, त्याचे तीन चतुर्थांश केले की 42.8, म्हणजेच '25 अंडर प्रूफ', 100 प्रूफच्या 25 खाली. ब्रिटनने 1980 मध्ये हे माप सोडलं. आपल्या बाटलीवर ते अजून नांदतंय.

गेल्या दशकात युरोपातल्या हौशी मंडळींनी हायड्रोमीटर घेऊन घरोघरी रम मोजायला सुरुवात केली. स्वीडन आणि फिनलंडच्या सरकारी दारू दुकानांनी तर साखरेचे आकडे जाहीरच केले. युरोपीय संघाच्या 2008 च्या नियमांत रमसाठी साखरेची मर्यादा नव्हती. 2019 च्या नियमांनी ती लिटरला 20 ग्रॅम ठरवली आणि मे 2021 पासून ती लागू झाली. व्होडकाला 8, ब्रँडीला 35, व्हिस्कीत एक कणही नको. 20 हा आकडा मला सढळच वाटतो. शिवाय रमसारख्या कडक दारूला तिथे पोषण-तक्ता छापण्यातून सूट आहे. त्यामुळे 20 ग्रॅमची आणि शून्य ग्रॅमची रम शेजारी ठेवली, तर लेबल वाचून फरक कळत नाही.